प्रश्न कोणी विचारला होता?

2005 सालचा जून संपत आला होता. शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले असतील. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने पेपरची घडी माझ्यासमोर ठेवली आणि हळू आवाजात विचारलं, "सर, तुमच्यात असं असतं?"

बातमी उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातली होती. एका विवाहितेवर सासऱ्याने बलात्कार केला होता. आता ती नवऱ्याला हराम झाली, तिने त्याच्यासोबत राहू नये, असा देवबंदचा 'फतवा' आला होता. सहकाऱ्याच्या प्रश्नात कुत्सितपणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं. मी "बघतो, विचारतो" असं काहीतरी पुटपुटलो.

मगरिबनंतर आमच्या मशिदीच्या पेशइमामांना गाठलं. म्हातारे गृहस्थ, पेपर फारसे वाचत नसत. मी सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "मास्तर, आपण शाफई. आपल्या फिकहात असं होत नाही. सासऱ्याने गुन्हा केला, त्याने मुलाचं लग्न कसं मोडेल? ती बाई त्याची बायकोच आहे."

"मग हे पेपरात का नाही आलं?"

"त्यांनी विचारलं कोणाला?"

त्यांचा हा उलट प्रश्न पुढची अनेक वर्षं माझ्या डोक्यात राहिला. फतव्याच्या बातम्या वाचताना आजही मी आधी तेच शोधतो. बहुतेक वेळा ते सापडत नाही.

त्या बाईचं नाव मी इथे लिहिणार नाही. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं 1983 पासून भारतीय दंडविधानाच्या कलम 228-अ खाली गुन्हा होता, दोन वर्षांपर्यंत कैद होती त्याला. तरीही 2005 च्या त्या उन्हाळ्यात देशभरातल्या पेपरांनी आणि वाहिन्यांनी तिचं नाव, गाव आणि फोटो सर्रास छापला, दाखवला. पुढे न्यायालयाच्या निकालातही ते नाव आलं. मुसलमान बाईच्या बातमीत धर्माचा मजकूर आला की बाकीचे नियम लागू नाहीत, असं काहीतरी तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

आता फतवा म्हणजे काय ते नीट पाहू, कारण गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

फतवा हे उत्तर असतं. प्रश्न आला तरच ते येतं. प्रश्नाला इस्तिफ्ता म्हणतात, विचारणाऱ्याला मुस्तफ्ती, उत्तर देणारा तो मुफ्ती. काजी आणि मुफ्ती यांत मूळचा फरक आहे. काजी साक्षीपुरावे घेतो, दोन्ही बाजू ऐकतो आणि निकाल देतो. तो बंधनकारक असतो. मुफ्ती समोर आलेला प्रश्न खरा धरून एवढंच सांगतो, की परिस्थिती तुम्ही लिहिली तशी असेल तर शरियतचं म्हणणं असं आहे. घटना घडली की नाही, हे तो तपासत नाही. म्हणूनच जुन्या फतव्यांत खरी नावं नसतात. जैद, बकर, हिंदा अशी ठरावीक नावं घेऊन प्रश्न मांडला जातो: जैदने हिंदाला असं असं म्हटलं, तर निकाह राहिला की तुटला? हिंदा कोण, कुठली, याच्याशी मुफ्तीला देणंघेणं नसतं. उत्तर पटलं नाही तर मुस्तफ्तीने दुसऱ्या मुफ्तीकडे जावं, याला कोणाची आडकाठी नाही.

अर्थात मुफ्ती कायमच सत्तेपासून लांब होता असं नाही. ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल इलाख्यात फौजदारी अदालती चालवल्या, तेव्हा काजी-मुफ्ती सरकारी पगारावर होते. मुकदमा ऐकून ते फतवा देत आणि शिक्षा ठरवताना तो लागत असे. 1864 च्या अकराव्या कायद्याने ही पदं रद्द झाली. तोवर इंग्रज न्यायाधीशांना आपल्याला हिंदू आणि मुसलमानी कायदा पुस्तकांतून कळतो असं वाटू लागलं होतं. दोनच वर्षांनी, मे 1866 मध्ये, देवबंदला दारुल उलूम सुरू झालं. सरकारने मुफ्तीला विचारणं सोडलं आणि लोकांनी ते पोस्टाने सुरू केलं. रेल्वे आणि टपाल यांच्या जोरावर देवबंदकडे देशभरातून प्रश्न येऊ लागले, इतके की 1890 च्या दशकात त्यासाठी स्वतंत्र दारुल इफ्ता काढावा लागला. वजू, वारसा, तलाक, व्याज, मशिदीची जमीन, शेजाऱ्याशी भांडण. अशी लाखांनी उत्तरं तिथून गेली आहेत. त्यांतलं एखाद-दुसरंच कधी पेपरात येतं.

पूर्वी फतवे पेपरात येत नव्हते का? येत होते, आणि आजच्या मानाने बरे येत होते. 1888 साली लुधियानाच्या उलेमांनी 'नुसरतुल अबरार' नावाने फतव्यांचा संग्रह काढला. प्रश्न होता, दुनियेच्या कारभारात हिंदूंसोबत काँग्रेसमध्ये सामील व्हावं का? आदल्या वर्षी मद्रासच्या अधिवेशनाचे अध्यक्ष मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी होते आणि सर सय्यद अहमद खान मुसलमानांना काँग्रेसपासून लांब राहायला सांगत होते, ही त्यामागची पार्श्वभूमी. देवबंदचे मौलाना रशीद अहमद गंगोही यांच्यासह अनेक उलेमांनी सांगितलं, दीनला धक्का लागत नसेल तर हरकत नाही. प्रश्न आणि उत्तर दोन्ही छापील होतं. वाचणाऱ्याला कोणी, कशासाठी विचारलं ते कळत होतं.

1921 साली कराचीच्या खिलाफत परिषदेत ठराव झाला, की इंग्रजांच्या फौजेत नोकरी करणं मुसलमानाला हराम आहे. त्याच्या पाठीशी जमियतच्या शेकडो उलेमांच्या सह्यांचा फतवा होता. सरकारने तो जप्त केला. अली बंधू, मौलाना हुसेन अहमद मदनी आणि इतरांवर खटला भरला. आरोपींत शारदापीठाचे शंकराचार्यही होते, ते सुटले; बाकीच्यांना दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. फौजेबद्दल नेमक्या त्याच अर्थाचं जाहीर पत्रक 4 ऑक्टोबर 1921 रोजी मुंबईहून निघालं. त्यावर गांधीजींच्या आणि इतर अनेक पुढाऱ्यांच्या सह्या होत्या. म्हणजे फतवा नावाच्या गोष्टीचं काय करायचं हे त्या पिढीला कळत होतं. ते एक मत आहे, पटलं तर त्यावर सही करता येते, नाही पटलं तर वाद घालता येतो.

कैरोतलं 'अल-मनार' हे मासिक तर रशीद रिझा यांनी 1898 पासून 1935 पर्यंत चालवलं. त्यात फतव्यांचं सदर होतं. आधी वाचकाचा प्रश्न, मग उत्तर. दूरदूरच्या देशांतून प्रश्न येत. छापील माध्यमात फतवा कसा द्यावा याचा वस्तुपाठ शंभर वर्षांपूर्वीच घालून दिलेला होता.

मग बिघडलं कुठे? एक तारीख सांगता येते. 14 फेब्रुवारी 1989 रोजी रेडिओ तेहरानवरून आयतुल्लाह खोमेनींचं सलमान रश्दींविरुद्धचं निवेदन वाचलं गेलं. जगभरच्या वृत्तसंस्थांनी 'फतवा' हा शब्द त्या दिवशी उचलला, आणि त्याचा अर्थ मृत्युदंडाचा हुकूम असा रुजला. इस्लामच्या इतिहासातल्या हजारो प्रकारच्या फतव्यांपैकी हा एक, तोही एका देशाच्या सर्वोच्च सत्ताधाऱ्याने काढलेला. पण जगाला तेवढाच माहीत झाला.

मराठीत तर आणखी एक गंमत आहे. आपल्या भाषेत 'फतवा काढणे' म्हणजे वरून मनमानी हुकूम सोडणे. पक्षश्रेष्ठींचा फतवा, शिक्षण खात्याचा नवा फतवा, सोसायटीच्या अध्यक्षांचा फतवा. आम्ही शिक्षकही स्टाफरूममध्ये परिपत्रक आलं की म्हणायचो, आला फतवा. त्यात वाईट काही नाही, भाषा अशीच चालते. पण मराठी वाचक 'देवबंदचा फतवा' वाचतो तेव्हा त्याच्या मनात आपोआप परिपत्रक उभं राहतं: वर कोणीतरी बसलाय, त्याने हुकूम सोडला, आता देशभरातले मुसलमान तो पाळणार. देवबंदला पोप करून टाकण्याचं काम मुफ्तींनी जेवढं केलं नाही तेवढं बातमीदारांनी केलं.

पुन्हा मुजफ्फरनगरकडे येऊ. देवबंदच्या उत्तरामागे जो मसला होता त्याला फिकहमध्ये हुरमत-ए-मुसाहरत म्हणतात. लग्नामुळे काही नाती कायमची हराम होतात. बापाची बायको मुलाला, मुलाची बायको बापाला. यावर कोणाचं दुमत नाही. वाद पुढे आहे. लग्नाविना आलेल्या संबंधानेही तसंच नातं तयार होतं का? हनफी म्हणतात होतं, हंबलींचंही तेच मत. कुराणच्या सूरह निसामधल्या 22 व्या आयतीत बापांनी ज्यांच्याशी 'निकाह' केला त्या स्त्रियांशी निकाह करू नका असं आहे, आणि हनफी तिथल्या निकाह शब्दाचा अर्थ शरीरसंबंध असा घेतात. मग तो जबरदस्तीचा असला तरी परिणाम तोच. इमाम शाफई यांना हे मान्य नाही. त्यांचं म्हणणं, निकाह ही अल्लाहची नेमत आहे, व्यभिचार हा गुन्हा आहे. गुन्ह्याला नेमतीसारखे परिणाम कसे देता? हरामामुळे हलाल हराम होत नाही. मालिकींचं प्रसिद्ध मतही हेच, आणि अहले हदीसही याच बाजूचे.

हा वाद बाराशे वर्षं जुना आहे. इमाम शाफईंचा इंतकाल इसवी सन 820 चा. आणि तो दूर अरबस्तानात राहिलेला वाद नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, ठाणे-रायगड-रत्नागिरीपासून खाली भटकळपर्यंत आणि पुढे केरळात, शाफई मुसलमान शेकडो वर्षांपासून आहेत. आम्ही फजरला कुनूत वाचतो, आमची असरची वेळ हनफींच्या आधी होते. ज्या मराठी पेपरांनी 'इस्लामनुसार ती नवऱ्याला हराम' असं छापलं, त्यांचे अंक दापोली, खेड, महाड, श्रीवर्धनला मुसलमानांच्या घरांतही जात होते. त्या घरांच्या फिकहप्रमाणे ती हराम झालेलीच नव्हती. बातमीदाराने मुंबईतल्या एखाद्या कोकणी जमातीच्या आलिमाला एक फोन केला असता, तर मथळा बदलला असता.

माहीमचंच घ्या. मखदूम अली माहिमी हे चौदाव्या-पंधराव्या शतकातले शाफई फकीह, कुराणचे भाष्यकार. त्यांच्या उरुसाची बातमी मुंबईच्या पेपरांत दरवर्षी येते. बातमीत काय असतं? पहिला संदल पोलिसांचा असतो, बँड वाजतो, अमुक ठाण्याचे अधिकारी चादर चढवतात. सुरेख परंपरा आहे, मलाही आवडते. पण मखदूम साहेबांनी अरबीत तफसीर लिहिली, हे मी पेपरात कधी वाचल्याचं आठवत नाही. कौतुकाची बातमी असो की निंदेची, ज्ञानाचा भाग दोन्हीकडे गळतो.

हा झाला शाफईंचा मुद्दा. पण देवबंदच्या मुफ्तींना त्यांच्याच घरातला एक प्रश्न विचारता आला असता, आणि तो न विचारणं मला सगळ्यात जास्त खटकतं.

1930 च्या दशकाच्या सुरुवातीला मौलाना अशरफ अली थानवींनी 'अल-हीला अल-नाजिजा' हे पुस्तक लिहिलं. ते स्वतः देवबंदचे आणि कट्टर हनफी. तेव्हा पंजाबात आणि इतरत्र काही मुसलमान बायका छळणाऱ्या किंवा बेपत्ता नवऱ्यापासून सुटका व्हावी म्हणून धर्म सोडत होत्या, कारण हनफी कायद्यात त्यांना दुसरा मार्ग नव्हता. नवरा बेपत्ता असेल तर हनफी मताप्रमाणे त्याच्या वयाची माणसं मरेपर्यंत थांबायचं; म्हणजे बाईचा जन्मच गेला. थानवींनी मालिकी फिकहमधला चार वर्षांचा नियम घेतला. गरज पडली तर मुफ्तीला दुसऱ्या इमामाचं मत घेता येतं, हे त्यांनी देशातल्या आणि मदिनेच्या मालिकी उलेमांना विचारून सिद्ध केलं. त्यातूनच 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला, आणि आजही मुसलमान बाई त्याच कायद्याखाली कोर्टात जाते.

थानवींचं गाव थाना भवन. 2005 साली ते मुजफ्फरनगर जिल्ह्यातच होतं.

म्हणजे त्याच जिल्ह्यातल्या एका देवबंदी आलिमाने पाऊणशे वर्षांपूर्वी बायकांसाठी दुसऱ्या मजहबचं दार उघडून दिलेलं होतं. मग बलात्कार झालेल्या या बाईसाठी शाफई मत का घेतलं नाही? हा प्रश्न तेव्हा कॅमेऱ्यासमोर कोणी विचारला असता, तर मुफ्तींना घाम फुटला असता, आणि ऐकणाऱ्या मुसलमानांना काही शिकायला मिळालं असतं. त्याऐवजी वाहिन्यांनी विचारलं, एकविसाव्या शतकात हे चालतं का? त्यावर दाढीवाले पाहुणे म्हणाले, शरियत बदलत नाही. सूत्रसंचालक ओरडला, पाहुणे ओरडले, जाहिराती लागल्या. शरियत अटळ आहे, हा मुफ्तींचा दावा खोडून काढायला लागणारी माहिती बातमीदारांकडे नव्हती, म्हणून तो दावा बळकटच झाला. आपल्या उर्दू अखबारांनीही वेगळं काही केलं नाही. शरियतवर हल्ला होतोय म्हणत ते बचावाला उभे राहिले आणि शाफई मताबद्दल अवाक्षर काढलं नाही. उत्तर प्रदेशचे तेव्हाचे मुख्यमंत्री मुलायमसिंह यादव म्हणाले, धर्मगुरूंनी विचार करूनच निर्णय घेतला असेल. सगळेच जण 'निर्णय' म्हणत होते.

आता पेशइमामांच्या प्रश्नाकडे. कोणाला विचारलं यासोबत, विचारलं कोणी?

त्याचं उत्तर मला नऊ वर्षांनी मिळालं. या प्रकरणानंतर दिल्लीचे वकील विश्वलोचन मदन सर्वोच्च न्यायालयात गेले होते. दारुल कझा बंद करा, फतव्यांवर बंदी आणा, अशी मागणी होती. 7 जुलै 2014 रोजी न्यायमूर्ती चंद्रमौली कुमार प्रसाद आणि पिनाकी चंद्र घोष यांच्या पीठाने निकाल दिला. बंदी घातली नाही. फतवा हे मत आहे, त्याला कायद्याचं बळ नाही, विचारणाऱ्यावरही तो बंधनकारक नाही. मात्र त्याच्या जोरावर कोणाचे हक्क हिरावले तर ते बेकायदा ठरेल. हे वाचताना मला हसू आलं. कायद्याच्या बळाचा भाग सोडला, तर मुफ्ती आणि काजी यांतला फरक फिकहच्या किताबांत हाच सांगितलेला असतो. दुसऱ्या दिवशी मथळे होते 'शरियत कोर्टं बेकायदा' अशा आशयाचे.

त्या निकालाच्या शेवटी एक परिच्छेद आहे. त्यात न्यायालय म्हणतं, की या प्रकरणात ना बायकोने मत मागितलं होतं, ना नवऱ्याने. ते मागितलं एका पत्रकाराने, ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. आणि अशा रीतीने पीडितेलाच शिक्षा झाली. पुढे न्यायालयाने दारुल कझांना सल्ला दिला आहे, की एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत तिने स्वतः किंवा थेट संबंध असलेल्याने विचारल्याशिवाय फतवा देऊ नका.

मी तो परिच्छेद दोनदा वाचला. म्हणजे 2005 साली माझ्या टेबलावर आलेली ती बातमी देवबंदहून आपण होऊन आलेली नव्हती. गावच्या पंचायतीने बाईला आधीच नवऱ्यापासून वेगळं राहायला सांगितलं होतं, ते भयंकर होतंच. पण फतवा ज्याच्यासाठी देशभर गाजला, तो एका बातमीदाराने प्रश्न पाठवून मिळवला होता. प्रश्न त्याचा, उत्तर मुफ्तींचं, आणि भोगलं तिने. मुफ्तींनाही यातून सोडता येत नाही. तिऱ्हाईताने विचारलेल्या प्रश्नाला, ज्याची जिवंत हिंदा पेपरात रोज फोटोसकट छापून येत होती, त्याला नेहमीच्या जैद-बकरच्या प्रश्नासारखं कोरडं उत्तर देणं हा फिकहचाही अपमान होता. बाईची परिस्थिती लक्षात घेणं हे मुफ्तीचं काम असतं. थानवींनी तेच केलं होतं.

सासऱ्याला मुजफ्फरनगरच्या न्यायालयाने ऑक्टोबर 2006 मध्ये दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. बाईने तक्रार केली, साक्ष दिली, खटला लढला आणि जिंकली. सव्वा वर्षात. मी वाचत असलेल्या पेपरात ती बातमी आतल्या पानावर होती, एका कॉलमची, आणि तिच्यातही अर्धी जागा फतव्याच्या आठवणीने खाल्ली होती.

2014 च्या निकालाची प्रत मिळाल्यावर मी त्या जुन्या सहकाऱ्याकडे गेलो. तोवर तो निवृत्त झाला होता. त्याला तो परिच्छेद मराठीत करून सांगितला, शाफईंचंही सांगितलं. नऊ वर्षं उशिराने दिलेलं उत्तर. त्याने चष्मा काढला आणि विचारलं, "मग तो पत्रकार कोण होता?"

निकालात त्याचं नाव नाही. नुसतं 'एक पत्रकार' असं आहे.